वर्ध्यातून निघालेली वाट

अंगावरचे दूध पुरत नाही असे नव्या आईला वाटले, की घरात पावडरचा डबा येतो. आमच्या आर्णीत हे मी अनेकदा पाहिले आहे. बाटलीने पोट भरले की बाळ अंगावर कमी ओढते, आणि ओढले नाही की दूध आणखी कमी होते. अशा वेळी बाळाला कसे धरावे, हे जवळ बसून दाखवणारे जाणते माणूस हवे.

या प्रयत्नांचा एक धागा आपल्या विदर्भातला आहे. ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था स्थापन झाली. पुढच्याच वर्षी दूधपावडर आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. २००३ मध्ये तो आणखी कडक झाला.

पण जाहिरात थांबली म्हणून आईला आधार मिळतोच असे नाही. त्यासाठी २०११ पासून आशाताईंच्या गृहभेटी ठरल्या. दवाखान्यातल्या बाळंतपणानंतरही ४२ दिवसांत ६ भेटी. तेव्हा गरोदरपणातच आशाताईंशी बोलून ठेवा, आणि डबा उघडण्याआधी त्यांना हाक मारा.