तैमूर व इब्न खल्दून यांचा संवाद

इ. स. १४०१ च्या जानेवारीत तैमूरने दमास्कसला वेढा घातला असता इब्न खल्दून हा अडुसष्ट वर्षांचा इतिहासकार दोराच्या साहाय्याने तटावरून उतरून त्याच्या भेटीस गेला. या भेटींचा वृत्तान्त त्याच्या आत्मचरित्रात आहे. संभाषण ख्वारिज्मच्या अब्दुल जब्बार या दुभाष्यामार्फत चाले. राज्य कुलाच्या ऐक्यभावनेवर, म्हणजे ‘असबिय्या’वर, उभे राहते हे आपले मत खल्दूनने मांडले. नेबुखद्नेझरच्या वंशाविषयी वाद निघाला, तेव्हा तैमूरने तबरीचे प्रामाण्य नाकारले.

परंतु विजेत्याची जिज्ञासा निर्हेतुक नसते. तैमूरने मगरिबचे सविस्तर वर्णन मागितले. खल्दूनने ते काही दिवसांत लिहून दिले व त्याचे मंगोल भाषेत भाषांतर झाले. पुढे खल्दूनने मगरिबच्या सुलतानास तातारांचा वृत्तान्त कळविला. दमास्कस मात्र त्याच वर्षी लुटले व जाळले गेले.

तैमूरचे शब्द दुभाष्याच्या मुखातून, खल्दूनच्या स्मृतीतून व अखेर त्याच्या अरबी लेखणीतून आपल्यापर्यंत आले आहेत. म्हणून या संवादात तैमूरपेक्षा इब्न खल्दूनच अधिक स्पष्ट दिसतो, हे अभ्यासकाने विसरता कामा नये.