नवापूरची साथ आणि अक्कलकुव्याचा बाजार

१८ फेब्रुवारी २००६ रोजी नवापूर या गावाचे नाव देशभरच्या वर्तमानपत्रांत पहिल्या पानावर आले. अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत असलेले रेल्वेस्थानक एवढीच ज्या गावाची बाहेर ओळख, तेथे बर्ड फ्लूचा भारतातील पहिला प्रादुर्भाव सिद्ध झाला होता. जानेवारीच्या अखेरीपासून तेथील शेडमध्ये कोंबड्या मरत होत्या. ही मानमोडी, म्हणजे राणीखेत, असावी असा पहिला समज होता. भोपाळच्या प्रयोगशाळेने तो खोटा ठरवला आणि दुसऱ्या दिवसापासून पांढऱ्या पोशाखातील माणसे नवापुरात कोंबड्या मारू लागली.

या घटनेचा इतिहास नवापूरच्या बाजूने पुष्कळ सांगितला गेला आहे. आज आम्हास तो तापीच्या उत्तरेकडून, अक्कलकुव्याच्या बाजूने पाहावयाचा आहे. दोन्ही तालुके एकाच नंदुरबार जिल्ह्यातले. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यापासून वेगळा झाला. पण या दोन तालुक्यांचे जग निराळे. नवापूरला विसाव्या शतकाच्या आरंभीच तापी खोऱ्यातील रेल्वे मिळाली, सुरतेची पेठ जवळ आली आणि पुढे तेथे अंड्यांचा मोठा धंदा उभा राहिला. अक्कलकुव्याला रेल्वे नाही. पूर्वीच्या काठीसारख्या मेवासी जहागिऱ्यांचा हा मुलूख. दक्षिणेस सपाटी, उत्तरेस सातपुड्याच्या रांगा आणि त्यांच्या पायथ्याशी नर्मदा. खापर, मोलगी, अक्कलकुवा येथील आठवड्याचे बाजार हीच येथील भिल्ल आणि पावरा कुटुंबांची पेठ.

या कुटुंबांत कोंबडी आणि शेळी पाळली जाते ती धंदा म्हणून नव्हे. मीठ, तेल, कापड, एस.टी.चे भाडे, दवाखान्याचा खर्च यांसाठी रोकड लागली की दोन कोंबड्या टोपलीत घालून बाजारात न्यावयाच्या. मोठी अडचण आली की शेळी. शहरातला मनुष्य पेढीवर ठेव ठेवतो, डोंगरातला ती अंगणात ठेवतो. फरक एवढाच की पेढीवरच्या रुपयाचा भाव रोज बदलत नाही, अंगणातल्या ठेवीचा बदलतो. आणि तो ठरवणारी माणसे शंभर कोसांवर बसलेली असतात.

पशुधनाचा भाव का पडतो, हे इतिहासाला विचारले तर तो तीन कारणे सांगतो. पहिले दुष्काळाचे. १८९९-१९०० च्या दुष्काळाने, गुजरातेत ज्याला छप्पनियो म्हणतात त्याने, खानदेशाला जबर तडाखा दिला. चारा संपला की प्रत्येक जण जनावर विकू पाहतो आणि घेणारा उरत नाही; बैलाचा भाव उतरतो त्याच दिवसांत धान्याचा चढतो. दुसरे कारण भयाचे. येथे जनावर आहे, चारा आहे, गिऱ्हाईकही आहे. पण गिऱ्हाइकाच्या मनात शंका शिरली आहे. तिसरे कारण वाट बंद होण्याचे. विकणारा आहे, घेणारा आहे, पण दोघांची गाठ पडत नाही. विसाव्या शतकापर्यंत येथील शेतकऱ्याची ओळख मुख्यतः पहिल्या कारणाशी होती. एकविसाव्या शतकाने त्याला दुसरी दोन शिकवली.

२००६ चे संकट भयाचे होते. हा विषाणू १९९७ मध्ये हाँगकाँगात माणसांना बाधला आणि तेथील कोंबड्या सरसकट मारल्या गेल्या; २००४ मध्ये थायलंड आणि व्हिएतनाममध्ये त्याने माणसे मारली. ती वृत्ते लोकांच्या कानावर होतीच. नवापूरचे नाव येताच देशभर कोंबडी आणि अंड्यांचे भाव कोसळले. रेल्वेने आपल्या जेवणातून कोंबडी वगळली. शेजारच्या अनेक देशांनी भारताचा माल घेणे थांबवले. साथ नवापूरच्या शेजारी गुजरातेतील उच्छल तालुक्यात दिसली, मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात आणि नंतर मध्य प्रदेशातील बऱ्हाणपुराकडे. लाखो पक्षी मारून पुरण्यात आले. मात्र या साथीत भारतात एकाही माणसाला बाधा झाल्याचे सिद्ध झाले नाही. आणि नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू टिकत नाही, हे जागतिक आरोग्य संघटना तेव्हाही सांगत होती. पण भाव शास्त्राने ठरत नाही, समजुतीने ठरतो.

येथे काळाचा योग ध्यानात घेतला पाहिजे. त्या वर्षी महाशिवरात्र २६ फेब्रुवारीला होती आणि होळी मार्चच्या मध्यास. सातपुड्यात वर्षाची घडी या दोन सणांभोवती बसलेली आहे. महाशिवरात्रीला सीमेपलीकडे सागबारा तालुक्यात देवमोगरा मातेची, याहामोगीची, यात्रा भरते आणि तेथे कोंबडे-बकऱ्याचा नैवेद्य असतो. होळीपूर्वी भोंगऱ्याचे बाजार भरतात. काठीची राजवाडी होळी तर दूरवर प्रसिद्ध आहे. ऊसतोडीला दक्षिण गुजरातेत गेलेली माणसे याच सुमारास गावी येऊ पाहतात. अंगणातली ठेव मोडण्याचा हाच हंगाम, आणि नेमके याच हंगामात भय उतरले. पुढचे दोन आघातही याच महिन्यांतले, हे आपण पाहणार आहोत.

आता नुकसानभरपाईचा प्रश्न. २००६ मध्ये बाधित ठिकाणापासून तीन किलोमीटरच्या आतले पक्षी मारावयाचे आणि दहा किलोमीटरपर्यंत नजर ठेवावयाची, असा नियम होता. मारलेल्या पक्ष्यांचे पैसे सरकारने दिले. ते पुरेसे होते की नाही हा वाद निराळा. पण तत्त्व मान्य झाले. हे तत्त्व असे की सरकारने सर्वांच्या रक्षणासाठी एकाचे धन नष्ट केले तर त्याची किंमत सर्वांनी द्यावी. ते न्यायाचेच आहे. पण अक्कलकुव्याच्या डोंगरातील बाईची कोंबडी कोणी मारली नाही. ती जिवंत होती, निरोगी होती. फक्त तिला भाव नव्हता. दहा किलोमीटरचे वर्तुळ तापी ओलांडत नाही, पडलेला भाव मात्र नदी-डोंगर सगळे ओलांडतो. मेलेल्या कोंबडीचा पंचनामा होतो. पडलेल्या भावाचा पंचनामा कोणत्याही कागदावर होत नाही.

दुसरा आघात २०२० चा. त्या वर्षी फेब्रुवारीपासूनच, कोंबडी खाल्ल्याने कोरोना होतो, अशी वार्ता मोबाइलवरून पसरली. तिला कसलाही आधार नव्हता आणि सरकारने तसे जाहीरही केले. तरी होळीच्या सुमारास महाराष्ट्रात शेडवरचा भाव किलोला दहा रुपयांच्याही आत गेल्याच्या बातम्या होत्या, आणि उत्पादनाचा खर्च तर सत्तर रुपयांच्या आसपास. मांसासाठी वाढवलेला हा पक्षी सुमारे चाळीस दिवसांत विक्रीला येतो. तो गव्हासारखा कोठारात ठेवता येत नाही. ठेवला तर रोज खातो. म्हणून कोणी पक्षी फुकट वाटले, कोणी पिले पुरली. इतक्यात २५ मार्चपासून टाळेबंदी आली. भयाच्या पाठोपाठ वाटही बंद झाली. आठवड्याचे बाजार बंद, खाद्याच्या गाड्या अडकलेल्या, खाणावळी बंद. कोंबडीच्या खाद्यात मोठा वाटा मक्याचा. तेव्हा मक्याचाही भाव उतरला आणि ज्याने आयुष्यात कोंबडी पाळली नाही त्या खानदेशी शेतकऱ्यालाही झळ लागली.

तिसरा आघात फेब्रुवारी २०२१ चा. पुन्हा नवापूर, पुन्हा बर्ड फ्लू, पुन्हा लाखो पक्षी आणि अंडी नष्ट. या वेळी मारण्याचे वर्तुळ एक किलोमीटरचे होते, यंत्रणाही अधिक सरावलेली होती. पंधरा वर्षांत शासन काही शिकले, हे मान्य केले पाहिजे. पण शिकले ते साथ आवरण्याचे. भाव सावरण्याचे नव्हे.

अशा वेळी मोठा पाळणारा आधी बुडतो की लहान? शेडवाल्याला रोज खाद्य विकत घ्यावे लागते, कर्जाचा हप्ता असतो. तो आठ दिवसही थांबू शकत नाही. डोंगरातली गावठी कोंबडी उकिरड्यावर पोट भरते. तिच्या मालकिणीला थांबणे परवडते. म्हणून लहान पाळणारा तरून जातो, असे म्हणण्याचा मोह होतो. तो अर्धा खरा आहे. कोंबडी थांबते, पण दवाखाना थांबत नाही, बियाण्याचा दिवस थांबत नाही. मग सावकाराकडे जाणे किंवा मजुरीची उचल घेणे आले. भाव महिन्याभराने वर येतो, उचल मात्र पुढच्या हंगामात फेडावी लागते.

यावर उपाय कोणी केलेच नाहीत असे नाही. १९८२ मध्ये पुण्याचे डॉ. बी. व्ही. राव यांनी अंडी उत्पादकांना एकत्र आणून राष्ट्रीय अंडी समन्वय समिती स्थापन केली. व्यापारी ठरवील तो भाव, ही रीत मोडून आपल्या अंड्याचा भाव आपण जाहीर करावयाचा, हा तिचा घोष. दुष्काळात आपल्या सरकारने चारा छावण्या चालवल्या. २०१९ मध्येही त्या मराठवाड्यात होत्या. इंग्लंडात २००१ साली लाळ-खुरकताची साथ आली तेव्हा साठ लाखांहून अधिक जनावरे मारली गेली; पण तेथील सरकारने आणखी एक गोष्ट केली. जी जनावरे निरोगी होती, परंतु वाहतूकबंदीमुळे जागच्या जागी अडकली होती, ती पैसे देऊन घेण्याची योजना काढली. वाट बंद झाल्याने होणारा तोटा हाही साथीचाच तोटा आहे, हे त्या योजनेने मान्य केले. आमच्या मते नवापूर-अक्कलकुव्याच्या इतिहासातून हाच धडा निघतो. वर्तुळाच्या आतल्यासाठी भरपाई आहे; वर्तुळाबाहेरच्यासाठी, निदान ज्या तालुक्यात कोंबडी-शेळी हीच गाठीची पुंजी आहे तेथे, संकटाच्या महिन्यात ठरावीक भावाने खरेदीची किंवा बिनव्याजी उचलीची सोय हवी. आश्रमशाळांच्या भोजनगृहांत अंडी लागतातच. ती त्या महिन्यांत जवळच्या बाजारातून घेण्यास फार मोठी यंत्रणा लागत नाही.

पण सारे सरकारवर टाकून आपण श्रोत्यांनी मोकळे होऊ नये. २००६ मध्ये काय आणि २०२० मध्ये काय, भाव पाडला तो आपण, शहरातल्या खाणाऱ्यांनी. एक बातमी वाचली, एक निरोप पुढे पाठवला, आणि रविवारचा बेत बदलला. आपल्या घरी त्याने काही बिघडले नाही; कोंबडीऐवजी वांगी शिजली. त्या बदललेल्या बेताची किंमत मोलगीच्या बाजारात टोपली तशीच भरलेली घेऊन डोंगर चढणाऱ्या बाईने दिली. पुढची साथ येईल तेव्हा, आणि ती येणार आहेच, आपण शंका जरूर घ्यावी; परंतु निरोप पुढे पाठवण्यापूर्वी तो खरा आहे की नाही, एवढे एकदा विचारावे.