हवामान बदल म्हणजे काय? कारणं आणि परिणाम, जालना जिल्ह्याच्या उदाहरणासह

“दुष्काळ काय आजच पडतोय का? १९७२ ला तर याहून वाईट होतं. मग हवामान बदल म्हणजे नवीन काय?” मराठवाड्यात हा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो, आणि तो योग्यच आहे. जालना जिल्हा मुळातच अवर्षणप्रवण पट्ट्यातला. म्हणूनच इथे काय जुनं आहे आणि काय नवं, हे वेगळं करून पाहता येतं. या लेखात आपण तेच पाहू.

आधी एक फरक समजून घेऊ

आज अंबडला पाऊस पडला, उद्या भोकरदनला ऊन पडलं, ही झाली रोजची हवा. एखाद्या भागातल्या हवेची साधारण ३० वर्षांची सरासरी काढली की त्याला त्या भागाचं हवामान म्हणतात. त्यामुळे एका वर्षी पाऊस कमी झाला म्हणजे हवामान बदललं असं होत नाही. तीस-तीस वर्षांचे आकडे शेजारी ठेवल्यावर सरासरी, किंवा पावसाची पद्धत, सरकलेली दिसली तर तो हवामान बदल.

हवामान का बदलतंय?

सूर्यप्रकाशाने जमीन तापते आणि ती उष्णता परत बाहेर टाकते. हवेतले कार्बन डायऑक्साइड, मिथेन, नायट्रस ऑक्साइड यांसारखे वायू त्यातली काही उष्णता धरून ठेवतात. यांना हरितगृह वायू म्हणतात. ते मुळात वाईट नाहीत. ते नसते तर पृथ्वीचं सरासरी तापमान शून्याच्या खाली, उणे १८ अंशांच्या आसपास असतं. अडचण प्रमाणाची आहे.

कारखानदारी सुरू होण्याआधी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. हरितगृह वायूंची वाढ मुख्यतः इथून येते:

- कोळसा, डिझेल, पेट्रोल, गॅस: वीज, वाहनं, कारखाने. सगळ्यात मोठा वाटा यांचाच.
- जंगलतोड: झाडांनी साठवलेला कार्बन परत हवेत जातो.
- मिथेन: गाई-म्हशींची पचनक्रिया, पाणी साचलेली भातशेती, कचऱ्याचे ढीग.
- नायट्रस ऑक्साइड: युरियासारख्या नत्रयुक्त खतांचा जादा वापर.

जालन्याचा याच्याशी काय संबंध? इथले स्टील कारखाने मुख्यतः भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवून बांधकामाची सळई बनवतात. भंगार वापरलं की खनिजापासून स्टील बनवण्यापेक्षा कार्बन बराच कमी निघतो. पण भट्टीला वीज प्रचंड लागते, आणि देशातली सुमारे तीन चतुर्थांश वीज अजून कोळशावरच बनते. अर्थात, हिशेब नीट मांडायला हवा. भारतात माणशी होणारं कार्बन उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी आहे. घनसावंगीच्या कोरडवाहू शेतकऱ्याचा वाटा तर नगण्यच. ज्याने धूर कमी केला, त्यालाच झळ जास्त बसते आहे.

मग पावसाचं नेमकं काय बिघडतं?

हा या विषयाचा गाभा आहे. हवा १ अंशाने तापली की ती साधारण ७ टक्के जास्त बाष्प धरू शकते. भिजायला मोठा पंचा घेतला तर तो जास्त पाणी शोषतो आणि पिळला की धो-धो सोडतो, तसंच हे. म्हणून पावसात खंडही पडतात आणि मग एकदम ढगही फुटतात.

केंद्रीय पृथ्वी विज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचं सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढलं आणि १९५१ ते २०१५ दरम्यान मोसमी पाऊस सुमारे ६ टक्क्यांनी घटला. त्याच वेळी, पुण्याच्या आयआयटीएम संस्थेतल्या शास्त्रज्ञांच्या २०१७ च्या अभ्यासात मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिपटीने वाढल्याचं दिसलं. एकूण पाऊस कमी, पण जो पडतो तो दणक्यात.

आता हे जालन्याच्या जमिनीवर ठेवून बघा. एक एकरावर १०० मिलिमीटर पाऊस म्हणजे सुमारे ४ लाख लिटर पाणी. तोच पाऊस दहा दिवसांत रिमझिम पडला तर बराचसा मुरतो. दोन तासांत पडला तर माती घेऊन ओढ्याला जातो. त्यात खाली बेसॉल्टचा काळा कातळ. त्यात पाणी फक्त भेगांत आणि वरच्या झिजलेल्या मुरमात साठतं. म्हणून वर्षाची सरासरी गाठली तरी उन्हाळ्यात विहीर कोरडी, असं होऊ शकतं.

शेतीवर परिणाम

मोसंबी: जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन आहे. आंबिया बहार धरायचा तर हिवाळ्यात पाणी तोडून बागेला ताण द्यावा लागतो. नेमका तेव्हा अवकाळी पाऊस झाला की ताण मोडतो आणि फूल नीट लागत नाही. पुढे एप्रिल-मेमध्ये पारा चढला की फळगळ होते.

गहू आणि हरभरा: यांना थंडी हवी. फेब्रुवारीतच ऊन तापलं तर दाणा नीट भरत नाही.

सोयाबीन आणि कापूस: जुलै-ऑगस्टमध्ये खंड पडला तर वाढ खुंटते आणि काढणीला पाऊस आला तर हातातलं पीक भिजतं.

२०१२ च्या दुष्काळात जिल्ह्यात मोसंबीच्या बागा वाळून गेल्या. मोसंबीला फळ यायला चार-पाच वर्षं लागतात, त्यामुळे ते नुकसान एका हंगामाचं नव्हतं. फेब्रुवारी २०१८ मध्ये गारपिटीने रब्बी पिकं आणि फळबागा झोडपल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये उलटंच झालं. मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, जायकवाडीतून मोठा विसर्ग सोडावा लागला आणि गोदाकाठच्या गावांना पुराला तोंड द्यावं लागलं.

निसर्ग आणि माणसं

तलाव लवकर आटले की मासे, पाणपक्षी आणि पाण्यावर येणारी जनावरं यांची उपासमार होते. फुलं फुलण्याची वेळ आणि मधमाश्यांची वेळ चुकली की परागीभवन घटतं.

माणसांचं म्हणाल तर २०१२-१३ मध्ये जालना शहर टँकरवर तगून होतं. पुढे जायकवाडीहून जलवाहिनी आली. गावात पाण्याचा हंडा बहुतेक बाईच्याच डोक्यावर असतो, म्हणून टंचाईचा पहिला भार तिच्यावर पडतो. पीक गेलं की कर्ज वाढतं आणि ऊसतोडीला जाणारी कुटुंबं वाढतात. मग लेकरांची शाळा बुडते. रोलिंग मिलमध्ये किंवा बांधकामावर काम करणाऱ्याला रात्रही गरम राहिली तर शरीर थंड करायला वेळच मिळत नाही.

सगळं हवामान बदलावर ढकलायचं का?

नाही. भूजल खाली जाण्यात बोअरवेलची स्पर्धा, कमी पाण्याच्या भागात जास्त पाण्याची पिकं आणि गाळाने भरलेले तलाव यांचाही वाटा आहे. दुष्काळ इथे पूर्वीपासून आहे. तापमानवाढीने त्यात बेभरवसा आणि तीव्रता वाढवली. पहिला भाग आपल्या हातात आहे, आणि तो सुधारला तर दुसऱ्याचा मार कमी बसतो.

काय करता येतं?

- पाणलोट विकास: जालना तालुक्यातल्या कडवंचीत १९९० च्या दशकात खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राच्या मदतीने माथा ते पायथा बांधबंदिस्ती झाली. नंतर शेततळी आणि ठिबक आलं. २०१२ च्या दुष्काळातही इथल्या द्राक्षबागा टिकल्या.
- शेततळं, पण जपून: ते पावसाच्या वाहत्या पाण्याने भरायचं असतं. बोअरचं पाणी उपसून भरलं तर शेजाऱ्याची विहीर आटते.
- वाण आणि लागवड: बदनापूरच्या संशोधन केंद्राचा ‘बीडीएन ७११’ हा तुरीचा वाण लवकर येतो, त्यामुळे शेवटच्या पावसाने दगा दिला तरी निभावतो. सोयाबीन रुंद सरी वरंब्यावर पेरलं तर खंडात ओल टिकते आणि जादा पाणी सरीतून निघून जातं.
- मोबाईलवर: ‘मेघदूत’ ॲपवर जिल्ह्याचा हवामान अंदाज आणि कृषी सल्ला मिळतो, ‘दामिनी’ विजेचा इशारा देतं. दोन्ही मोफत.
- योजना: जागतिक बँकेच्या मदतीने २०१८ ला सुरू झालेल्या ‘पोकरा’, म्हणजे नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्पात जालन्यातली गावंही आहेत.

थोडक्यात

जगाने कोळसा आणि तेल जाळणं कमी केल्याशिवाय तापमान थांबणार नाही. ते एकट्या जालन्याच्या हातात नाही. मात्र दणक्यात पडलेलं पाणी शिवारात किती थांबवायचं, हे गावाच्या हातात आहे. म्हणून यंदा किती मिलिमीटर पडला, एवढंच विचारू नका. किती दिवसांत पडला आणि त्यातला किती मुरला, तेही विचारा.