सरोवराच्या गाळातला ताम्रपट

देशाचे नावच परक्या राजावरून पडले असेल, तर तिथल्या माणसाने अभिमान धरायचा तो कशाचा? फिलिपाइन्सच्या लोकांपुढे हा प्रश्न खरोखरच उभा राहिला. १५४३ साली एका स्पॅनिश दर्यावर्दीने तिथल्या काही बेटांना राजपुत्र फिलिपचे नाव दिले. पुढे तो राजा झाला नि ते नाव साऱ्या बेटांना चिकटले. गंमत अशी, की ‘फिलिपिनो’ म्हणजे आधी बेटांवर जन्मलेला स्पॅनिश माणूस! मूळच्या रहिवाशाला ‘इंदिओ’ म्हणत, आणि तेही हेटाळणीने.

होसे रिझाल हा अशाच एका ‘इंदिओ’ घरातला, लगुना सरोवराकाठच्या कलांबा गावचा. शिकून डॉक्टर झाला, कादंबरीकार झाला. ‘स्पॅनिश येण्यापूर्वी तुम्ही रानटी होता’ हे ऐकून ऐकून त्याचे कान किटले होते. १८८८ साली तो लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जाऊन बसला. मनिलात अधिकारपदावर राहिलेल्या मोर्गा नावाच्या स्पॅनिश माणसाचा १६०९ सालचा ग्रंथ त्याने स्वतःच्या हाताने उतरून काढला आणि टिपा घालून पॅरिसला छापला. आमचे लोक जहाजे बांधत होते, तोफा ओतत होते, व्यापार करीत होते, हे त्याने गोऱ्याच्याच पुस्तकातून दाखवले. प्रस्तावना लिहिली त्याचा मित्र ब्लुमेनट्रिट याने. आणि मित्र असूनही त्याने बजावले, की जुन्या काळाला आजच्या मापाने मोजू नये. रिझालने ती टीका तशीच छापली. मला यात त्याचा मोठेपणा दिसतो. १८९६ साली स्पॅनिश सरकारने त्याला गोळ्या घातल्या.

पण अभिमानाची भूक माणसाला फसवतेही. ‘कलांतियावची संहिता’ म्हणून एक प्राचीन कायदा विसाव्या शतकात पुढे आला आणि शाळांच्या क्रमिक पुस्तकांत जाऊन बसला. १९६८ साली विल्यम हेन्री स्कॉट या अभ्यासकाने ती बनावट असल्याचे दाखवून दिले. शिक्षक बंधूंनी हे ध्यानात घ्यावे. पिढ्यान् पिढ्या मुलांनी ती खरी म्हणून घोकली होती.

आणि खरा पुरावा? तो १९८९ च्या सुमारास, रिझालच्या लगुना प्रांतातच, सरोवराला मिळणाऱ्या नदीच्या मुखाशी वाळू उपसताना सापडला. जेमतेम दीड वीत लांबीचा तांब्याचा पत्रा. भाषा जुनी मलय, लिपी जावाकडची. आन्तून पोस्तमा या डच संशोधकाने तो वाचला. त्यावरची मिती ऐका: शक ८२२, वैशाख मास, कृष्णपक्ष, चतुर्थी, सोमवार. म्हणजे इसवी सन ९००. आपल्या पंचांगातलेच शब्द ना! म्हणून आपल्या कोणी राजाने तिथे राज्य केले, असे मात्र समजू नका. हे शब्द जावा-सुमात्रातल्या लोकांनी आपलेसे केले होते, आणि त्याच वाटेने ते तिथवर पोचले.

मजकूर काही राजाच्या पराक्रमाचा नाही. नम्वरान नावाच्या माणसाकडे सोन्याचे कर्ज होते, पाऊण किलोहून अधिक. ते फिटले आणि त्याची मुलेबाळे, नातलग सारे मोकळे झाले, एवढेच त्यात आहे. पुढेमागे कोणी बाकी मागितली, तर दाखवायला म्हणून ही पावती. सध्या ती मनिलाच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.