पवनेचे पाणी आणि नलगोंड्याची तुरटी

पवना धरणातून सोडलेले पाणी मावळातून नदीच्या पात्राने रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते. तेथून ते उचलले जाते आणि निगडीच्या जलशुद्धीकरण केंद्रातून पिंपरी-चिंचवडच्या नळांना पोहोचते. शुद्धीकरणाची रीत सर्वत्र साधारण सारखीच असते: तुरटी किंवा तिच्या जातीचे क्षार घालून गाळ खाली बसवायचा, पाणी वाळूच्या थरांतून गाळायचे आणि शेवटी क्लोरीन द्यायचा. अमेरिकेतील बहुसंख्य मोठ्या शहरांत त्यात आणखी एका पदार्थाची भर पडते, ती म्हणजे फ्लोराइड. भारतात ही प्रथा कधी रुजली नाही.

तिचा उगम दातांवरच्या डागांत आहे. १९०१ साली फ्रेडरिक मॅके हा तरुण दंतवैद्य कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे आला, तेव्हा तेथील अनेकांचे दात तपकिरी डागांनी भरलेले त्याला आढळले. नवल असे, की हे कुरूप दात किडत मात्र कमी. कारण सापडायला तीस वर्षे लागली. १९३१ मध्ये एका ॲल्युमिनियम कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञाने पाण्यातील फ्लोराइडकडे बोट दाखवले. पुढे ट्रेंडली डीन याने मोजमापे करून दाखवले, की लिटरमागे सुमारे १ मिलिग्रॅम फ्लोराइड असेल तर दात किडणे घटते आणि डागही फारसे पडत नाहीत. २५ जानेवारी १९४५ रोजी मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स हे पाण्यात हेतुपुरस्सर फ्लोराइड मिसळणारे जगातील पहिले शहर ठरले. त्यानंतर जन्मलेल्या तेथील मुलांमध्ये दंतक्षय साठ टक्क्यांहून अधिक घटल्याचे नोंदवले गेले.

भारतात मात्र फ्लोराइडची ओळख आठ वर्षे आधीच झाली होती, आणि ती फार वेगळ्या रूपात. १९३७ साली मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात वाकलेल्या पाठीची, ताठरलेल्या सांध्यांची माणसे डॉक्टरांना आढळली. विहिरींच्या पाण्यातील अतिरिक्त फ्लोराइड त्यांच्या हाडांत साचत गेले होते. ग्रँड रॅपिड्सने जे १ मिलिग्रॅमचे प्रमाण लक्ष्य म्हणून ठेवले, ते भारतीय मानकांत स्वीकारार्ह पाण्याची वरची मर्यादा झाले. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत सवलत.

आकडा एकच असला तरी शरीरात जाणारी मात्रा एक नसते. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात राबणारा मजूर थंड प्रदेशातील कारकुनाच्या कितीतरी पट पाणी पितो. अमेरिकेनेही १९६२ च्या मानकांत हवेच्या तापमानानुसार ०.७ ते १.२ अशी पट्टी ठेवली होती. २०१५ मध्ये ती सरसकट ०.७ वर आणली गेली.

महाराष्ट्रात या प्रश्नाची भूमी मावळ नव्हे. सह्याद्रीच्या बेसाल्टवर पडून धरणात साठलेल्या पावसाच्या पाण्यात फ्लोराइड सहसा अत्यल्पच असते. चंद्रपूर, यवतमाळ, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांची गोष्ट निराळी. १९७२ च्या दुष्काळानंतर गावोगाव विंधनविहिरी खोदल्या गेल्या. खोलवरचे पाणी खडकाच्या सहवासात दीर्घकाळ राहिलेले असते, आणि खडकात फ्लोराइडयुक्त खनिजे असतील तर ते त्यात उतरते. जंतूंपासून वाचवणारा हातपंप अशा गावांत दुसरेच दुखणे घेऊन आला.

उपाय शोधला तो नागपूरच्या ‘नीरी’ने, तोही निगडीच्या केंद्रातल्या आणि आजीच्या घागरीतल्या तुरटीतून. पाण्यात चुना आणि नेहमीपेक्षा पुष्कळ अधिक तुरटी घालून ढवळले, की तयार होणाऱ्या पुंजक्यांना फ्लोराइड चिकटते आणि गाळाबरोबर खाली बसते. तेव्हा आंध्र प्रदेशात असलेल्या ज्या पीडित जिल्ह्यावरून या पद्धतीला नाव मिळाले, तो नलगोंडा. पद्धत स्वस्त खरी, पण मात्रा रोज अचूक मोजणारा माणूस हवा, गाळ टाकायला जागा हवी, आणि मात्रा चुकली तर पाण्यात ॲल्युमिनियम उरते. त्यामुळे जेथे शक्य झाले तेथे दूरच्या नदीचे पाणी आणणे हाच खात्रीचा मार्ग ठरला.

दूरच्या नदीचे पाणी आणणे याचा अर्थ मावळाला वेगळा सांगावा लागत नाही. पवना धरणासाठी येथील गावे उठली. धरणापासून निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले आणि पोलिसांच्या गोळीबारात तिघांचा मृत्यू झाला. पाण्यात काय मिसळावे हा वाद येथे कधी पेटला नाही. ते कोणाचे, हा पेटला.

नलगोंड्याला पुढे कृष्णेचे पाणी नळाने मिळू लागले. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा-मुठा भीमेला आणि भीमा कृष्णेला. शहर आणि शेती भागवून मावळातले जे पाणी पुढे उरते, त्याची वाटही नलगोंड्याच्या सीमेवरील नागार्जुनसागराकडेच जाते.