जनावरांच्या वाटेवरचा रस्ता

आंबेनळी घाटात भेकर कुठे आडवं येतं, हे जुन्या ड्रायव्हरला विचारा. तो किलोमीटरचा दगड सांगणार नाही, पाणी सांगेल. डोंगरातला पऱ्या जिथे रस्ता कापून खाली दरीत उतरतो, तिथे भेकर येतं. रस्त्याने जिथे खिंड धरली आहे, तिथे सांबर येतं. मी पोलादपूर तालुक्यातला, महाड आगारात एसटीचा ड्रायव्हर होतो. नोकरीचा मोठा काळ मुक्कामी गाड्यांवर गेला. संध्याकाळी गावात गाडी लावायची आणि पहाटे अंधारातच काढायची. जनावरांची ये-जा नेमकी याच दोन वेळांना असते.

आमच्याकडचे रस्ते जनावरांच्या वाटांवरच बसले आहेत, असं माझं मत आहे. डोंगर चढायला सोपी जागा माणसालाही तीच आणि सांबरालाही तीच. पोलादपुराहून वर जायचा जुना मार्ग पार गावावरून होता. १६५९ साली अफजलखान प्रतापगडाच्या पायथ्याला आला, तेव्हा त्याचा तळ याच पार गावात पडला होता. जावळीच्या त्या रानातून बैलांचे तांडे कोकण आणि देशामध्ये माल नेत-आणत. पुढे १८७० च्या दशकात इंग्रजांनी महाबळेश्वरला जाणारा गाडीरस्ता बांधला आणि त्याला गव्हर्नर फिट्झजेराल्ड यांचं नाव दिलं. तोच आपला आंबेनळी घाट. गाड्यांना बेताचा चढ हवा म्हणून त्यांनी रस्ता डोंगराच्या कुशीने फिरवत नेला. त्यामुळे वरून उतरणारा एकेक पऱ्या त्या रस्त्याला छेदू लागला.

माझा आजा महाडहून मीठ आणि सुकी मासळी बैलगाडीने वर न्यायचा. महाड तेव्हा सावित्रीच्या खाडीवरचं चालतं बंदर होतं. घाटात एकटी गाडी कोणी घालत नसे. चार-पाच गाड्यांची रांग, बैलांच्या गळ्यात घुंगुरमाळा आणि पुढच्या गाडीच्या दांडीला कंदील, असा त्यांचा रिवाज होता. वाघाची भीती खरी होती. पण घुंगरांचा आवाज दूरवर जायचा आणि बैलाची चाल ती केवढी! भेकराला ऐकायला, थांबायला आणि परत रानात शिरायला पुरेसा वेळ मिळायचा. गाडीखाली सांबर सापडल्याची एकही गोष्ट मी आजाच्या तोंडून ऐकली नाही.

१९२८ साली महाडजवळ सावित्रीवर दगडी पूल उभा राहिला. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेला तो हाच पूल. आमच्या एसटीच्या दोन गाड्या त्याच्यासोबत गेल्या. त्या रात्रीबद्दल मी इथे अधिक लिहू शकत नाही. कोकणातला माणूस पूर्वी मुंबईला बोटीने जायचा, तो हळूहळू रस्त्याकडे वळला. १९४८ मध्ये एसटी सुरू झाली आणि नंतरच्या वर्षांत ती वाडीवस्तीपर्यंत पोहोचली. त्याच काळात लाकडाचे आणि भट्टीच्या कोळशाचे ट्रक रात्रीचे धावू लागले. रान पातळ झालं. जीपमधून झोत मारून शिकार करणारेही तेव्हाच आले. भेकराच्या डोळ्यांवर दिवा पडला की ते जागीच थिजतं, एवढं त्यांना पुरत होतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आली. दिवा मात्र राहिला, आता तो प्रत्येक गाडीला आहे, आणि भेकर अजूनही तसंच थिजतं.

मी नवा असताना ज्या वस्तादाच्या शेजारी बसून घाट शिकलो, ते एक गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत, "पहिलं जनावर गेलं म्हणून गाडी सोडू नको रे. मागचं अजून यायचंय." रानडुकरीण रस्ता ओलांडते तेव्हा तिची पिल्लं मागे झुडपात असतात. ड्रायव्हर ती गेली म्हणून वेग धरतो आणि पिल्लं चाकाखाली येतात. दुसरी शिकवण स्टिअरिंगची. जनावर दिसलं तर दिवा खाली घ्यायचा, ब्रेक सरळ रेषेत लावायचा आणि स्टिअरिंग झटक्याने फिरवायचं नाही. घाटात एका बाजूला दरी आणि दुसऱ्या बाजूला कडा असतो, चुकवायला जागाच नाही. सांबर म्हणजे दोन-अडीचशे किलोचं धूड. मोटारसायकलवाल्याला ते धडकलं तर दोघांतलं कोण वाचेल, सांगता येत नाही.

या रस्त्याला वर्षाचं एक पंचांगही आहे. चैत्र-वैशाखात वरचे झरे आटतात आणि सगळं रान पाण्यासाठी खाली उतरतं. मृगाच्या पहिल्या पावसात रात्री खेकडे आणि बेडूक रस्त्यावर पसरतात. त्यांच्यामागे उदमांजर येतं, साप येतात. सावित्रीला पूर आला की मगरी महाडच्या वस्तीजवळ आणि कधी थेट रस्त्यावर दिसतात. भादव्यात चाकरमानी गणपतीला येतो, गाड्यांची रीघ लागते, आणि त्याच दिवसांत भात-नाचणी धरायला लागल्यावर डुकरांचे कळप शेताकडे निघतात. माणसांची आणि डुकरांची ही गर्दी दर वर्षी एकाच वेळी होते. गवे माझ्या तरुणपणी आम्ही फक्त कोयनेच्या बाजूचे ऐकायचो. १९८५ मध्ये कोयना अभयारण्य झालं आणि २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. आता आमच्या गावांतली माणसं गवा बांधावर पाहतात. ही आनंदाची गोष्ट आहे. पण गव्याला रस्ता ओलांडावाच लागतो.

आता चौपदरी मुंबई-गोवा महामार्गाविषयी लिहितो, कारण सगळं दुखणं तिथे आहे. रस्ता हवा होता. जुन्या अरुंद रस्त्यावर माझ्या ओळखीची माणसं गेली आहेत, त्यामुळे रुंदीकरणाला मी कधीच नाव ठेवणार नाही. पण नव्या रस्त्याच्या मधोमध काँक्रीटचा कठडा आहे आणि डोंगर कापला तिथे उभी भिंत. जनावर एका बाजूने आत शिरतं, कठड्यापाशी अडकतं आणि परत फिरायला वळलं की मागून गाडी आलेली असते. जुन्या रस्त्याखाली दगडी मोऱ्या होत्या. साळिंदर, मुंगूस, कोल्हा त्यांतून पलीकडे जात, मी कितीदा पाहिलं आहे. नव्या मोऱ्यांपैकी कित्येकींच्या तोंडाशी दगडमाती साचलेली दिसते, नाहीतर पलीकडचं तोंड माणसाच्या उंचीवर लटकतं. वेगाचं गणितही मांडतो. ताशी ४० किलोमीटरला गाडी एका सेकंदात ११ मीटर जाते, ८० ला २२ मीटर. ड्रायव्हरला जनावर दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच एक सेकंद संपतो.

याच महामार्गावर कशेडी घाटात मात्र न मागता एक चांगली गोष्ट घडली. सप्टेंबर २०२३ मध्ये गणपतीच्या तोंडावर तिथल्या एका बोगद्यातून हलकी वाहनं सोडली. तेव्हापासून घाटावरची वर्दळ बोगद्याकडे सरकत गेली. भोगावच्या बाजूने जुन्या घाटरस्त्यावर रात्री उभं राहिलं तर आता रातकिडे ऐकू येतात. बोगदा माणसाचा वेळ वाचवायला खोदला होता, त्याने डोंगराचा माथाही मोकळा केला. महाराष्ट्रात हे मुद्दामही करून दाखवलं आहे. पेंचच्या जंगलातून जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ४४ वर रस्ता नऊ ठिकाणी उचलून खालून जनावरांना वाट ठेवली. त्यांतली सगळ्यात लांब ७५० मीटरची आहे. तिच्याखालून वाघ जाताना कॅमेऱ्यांत दिसले. विदर्भातल्या वाघाला जे मिळालं ते पोलादपूरच्या भेकराला का मिळू नये? इथे तर एवढा खर्चही नाही. ज्या मोऱ्या आहेत त्या दोन्ही तोंडांनी मोकळ्या करा, पऱ्याच्या तळाशी त्यांची पातळी जुळवा आणि जिथे जनावर येतं ती जागा गावच्या गुराख्याला विचारून मग फलक लावा.

गणपतीला, शिमग्याला गावी येणाऱ्यांनो, माझी एवढीच विनंती आहे. अंधार पडल्यावर वाकण, कापडे आणि आंबेनळीच्या रस्त्याला ताशी ४० च्या वर जाऊ नका. जखमी जनावर दिसलं तर त्याच्याजवळ जाऊ नका, गाडी बाजूला घेऊन वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा. मेलेलं रानडुक्कर डिकीत घालून नेऊ नका. रस्त्यावर मेलं तरी ते कायद्याने सरकारची मालमत्ता असतं आणि घरी नेणं हा गुन्हा आहे.