रेवदंडा व कोर्लई : काही दर्शनीय स्थळे

रायगड जिल्ह्यात कुंडलिकेच्या मुखाशी रेवदंडा वसले आहे. पोर्तुगीज चौलच्या तटबंदीत आता नारळी-पोफळीच्या वाड्या असून, त्यांत चर्चचे भग्नावशेष व ‘सातखणी’ मनोरा दिसतो.

खाडीपलीकडील कोर्लईचा किल्ला पोर्तुगिजांनी १५९४ मध्ये निजामशाहीकडून जिंकला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे आला. पोर्तुगीज गेले, पण पायथ्याचा ख्रिस्ती समाज तेथेच राहिला. त्यांची पोर्तुगीज-मराठी मिश्र बोली, ‘नौ लिंग’ म्हणजे ‘आमची भाषा’, आजही घरोघरी ऐकू येते. मात्र बोलणारे जेमतेम हजारभर. आमच्या मते हा ठेवा तटबुरुजांहून मोलाचा. म्हणून भाविकांनी गड पाहून परस्पर परतू नये. गावातील माउंट कार्मेल मातेच्या चर्चमध्ये थांबून वडीलधाऱ्यांशी दोन शब्द बोलावेत.